न्यू जर्सीतलं घर विकून टेक्सासला चाललोय. ‘एक्झिट टॅक्स’चे तीस हजार खरंच द्यावे लागतात का? मदत हवी आहे

मोगरा_एडिसनचा
9 जुलै 2026

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते. आज लिहितेय ती रडकुंडीला आले म्हणून.

नवऱ्याला डॅलसजवळ प्लेनोला नोकरी लागली, तो जानेवारीतच गेला. लेकीची शाळा मध्येच सोडवत नव्हती, म्हणून मी आणि ती जून संपेपर्यंत एडिसनला राहिलो. शाळा सुटली, ट्रक आला, आम्हीही निघालो. घराला गिऱ्हाईक मिळालंय आणि क्लोजिंग (विक्री पूर्ण होण्याचा दिवस) 14 ऑगस्टला आहे. घर 2015 मध्ये 4 लाख 18 हजारांना घेतलं होतं, आता 7 लाख 5 हजारांना चाललंय. तेव्हापासून आम्ही तिथेच राहिलो, भाड्याने कधी दिलं नाही. डीडवर (खरेदीखतावर) दोघांची नावं आहेत.

काल वकिलांच्या ऑफिसातून हिशोबाचा कच्चा कागद आला. एजंटचं कमिशन, कर्जाची बाकी वगैरे ठीक. खाली एक ओळ: न्यू जर्सी नॉनरेसिडेंट टॅक्स, 30,852 डॉलर 50 सेंट. ते 50 सेंट बघून जास्त संताप आला. पॅरालीगलला फोन केला तर म्हणाली, तुमचा नवा पत्ता टेक्सासचा आहे ना, मग हा लागतोच, सगळ्यांना लागतो.

आम्हाला वाटत होतं की नवरा-बायकोला घराच्या नफ्यावर 5 लाखांपर्यंत कर नसतो. मग हे काय? ते फक्त फेडरलला लागू आहे का? नवीन घराच्या डाउनपेमेंटमध्ये हे पैसे धरलेत, आणि गणपती नव्या घरात बसवायचा बेत आहे. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

तात्या_ह्यूस्टनवाले
9 जुलै

स्वागत आहे टेक्सासात! वाईट वाटून घेऊ नका, आम्हीही भरला होता. 2019 ला पिस्कॅटवेचं घर विकलं तेव्हा 2 टक्के कापून घेतले. राज्य सोडून जाताय म्हणून दंड. न्यू जर्सी येताना टोल घेत नाही, जाताना घेते, असं आमचे शेजारी म्हणायचे. गेले ते गेले.

घसारा
9 जुलै

तात्या, दंड नव्हता हो तो, आगाऊ कर होता. त्या वर्षीचा एनजे-1040एनआर (बाहेरच्या राज्यात राहणाऱ्याचं न्यू जर्सीचं रिटर्न) भरला होता का? तिथे ती रक्कम जमा दाखवून परत मागायची असते. भरला नसेल तर सरकारने आपण होऊन चेक पाठवला नाही यात नवल नाही.

मोगराताई, आधी पाणी प्या. तुमच्या बाबतीत ती ओळ बहुतेक चुकीची आहे. सविस्तर लिहितो, कारण दर उन्हाळ्यात हाच गोंधळ होतो.

‘एक्झिट टॅक्स’ नावाचा वेगळा कर कायद्यात नाही. न्यू जर्सीतल्या घराच्या नफ्यावर न्यू जर्सीचा कर लागतो, मग विकणारा कुठेही राहो. पूर्वी लोक घर विकून राज्य सोडायचे आणि रिटर्न भरायचेच नाहीत. म्हणून 1 ऑगस्ट 2004 पासून नियम आला, की बाहेरच्या राज्यात राहणाऱ्याने अंदाजे कर क्लोजिंगलाच आगाऊ भरायचा. नफ्याच्या 10.75 टक्के, पण विक्रीच्या किमतीच्या 2 टक्क्यांपेक्षा कमी नाही. 10.75 हा राज्याचा सगळ्यात वरचा दर आहे, दहा लाखांपुढच्या उत्पन्नाचा. तो सरसकट लावतात म्हणून आकडा बघून घेरी येते. तुमच्या पॅरालीगलने 7,05,000 मधून 4,18,000 वजा करून 2,87,000 ला 10.75 टक्के लावले. झाले 30,852.50. कमिशन वजा केलं नाही, तुम्ही घरात घातलेला पैसा विचारला नाही.

पण हा हिशोब करायचीच गरज नसावी. डीडबरोबर जीआयटी/आरईपी मालिकेतला एक फॉर्म जोडावा लागतो, त्याशिवाय काउंटी क्लर्क डीड नोंदवून घेत नाही. आगाऊ भरणाऱ्यांसाठी आरईपी-1, आणि ज्यांना भरायचा नाही त्यांच्यासाठी आरईपी-3. या आरईपी-3 वर कारणांचे चौकोन आहेत. पहिला चौकोन न्यू जर्सीच्या रहिवाशांचा. दुसरा, विकलेली मालमत्ता फेडरल करकायद्यातल्या सेक्शन 121 च्या व्याख्येनुसार आपलं मुख्य राहतं घर असण्याचा. या दुसऱ्याला तुम्ही आज कुठल्या राज्यात राहता याच्याशी देणंघेणं नाही. विक्रीच्या आधीच्या 5 वर्षांत किमान 2 वर्षं घर तुमचं होतं आणि तुम्ही तिथे राहत होतात, एवढं हवं. तुम्ही अकरा वर्षं राहिलात. नवरा जानेवारीत गेला तरी त्याचीही 2 वर्षं आरामात भरतात.

आणि हो, ती 5 लाखांची सूट न्यू जर्सीही मान्य करते. फेडरलला जो नफा वगळला तो इथेही वगळला जातो.

बिनधास्त_बाळू
10 जुलै

एवढं कशाला? पहिल्याच चौकोनात टिक मारा आणि पत्ता एडिसनचाच ठेवा. जूनपर्यंत तिथेच तर होतात. कोण बघतंय?

घसारा
10 जुलै

बाळूशेठ, हा सल्ला मागे घ्या. फॉर्मवरच लिहिलेलं असतं की न्यू जर्सीत नवं राहतं घर केलं असेल आणि तो पत्ता दिला असेल तरच रहिवासी, नाहीतर नॉनरेसिडेंट. वर्षाचा काही भाग राहिलेले सुद्धा इथे नॉनरेसिडेंटच. क्लोजिंगच्या दिवशी यांचं बिऱ्हाड प्लेनोला असणार. खोटी सही करून जे मिळेल ते खरी सही करून फुकट मिळतंय, मग खोटं कशाला बोलायचं?

मोगरा_एडिसनचा
10 जुलै

घसारादादा (दादा चालेल ना?), डोळ्यांत पाणी आलं. पण एक शंका. फॉर्मचा नमुना काढून वाचला. त्यात ‘इज यूज्ड’ असा वर्तमानकाळ आहे. आम्ही तर घर रिकामं करून आलो. मग सही करताना ‘राहतं घर आहे’ म्हणणं खोटं नाही का होणार? नवरा म्हणतो मी उगाच शब्दांचा कीस पाडते, पण माझे बाबा कोर्टात कारकून होते.

घसारा
10 जुलै

बाबांचा वारसा बरोबर आहे, असाच वाचायचा असतो फॉर्म. पण ते वाक्य पुढे ‘सेक्शन 121 मध्ये व्याख्या केल्याप्रमाणे’ असं आहे. ती व्याख्या मागच्या 5 वर्षांतली 2 वर्षं बघते, आज रात्री कुठे झोपता ते नाही. पाचांतली दोन सलग असण्याचीही गरज नाही, 24 महिने किंवा 730 दिवस भरले की झालं.

एक मात्र करा. मागच्या 2 वर्षांत दुसरं एखादं घर विकून हीच सूट घेतली असेल तर आता परत मिळत नाही. घेतली नसणार असं धरतोय.

मोगरा_एडिसनचा
10 जुलै

नाही हो, आयुष्यातलं पहिलं घर. 🙂

सांजवात_शार्लट
11 जुलै

मोगरा, तुझ्या धाग्यात घुसखोरी करते, माफ कर. आमचं ईस्ट ब्रन्सविकचं टाउनहाऊस आहे. 2016 ते 2023 राहिलो, 20 सप्टेंबर 2023 ला शार्लटला आलो आणि तेव्हापासून ते भाड्याने आहे. भाडेकरू चांगले म्हणून विकायचं पुढे ढकलत राहिलो. आता पुढच्या वसंतात विकायचा विचार आहे. आम्हालाही तो दुसरा चौकोन चालेल ना?

घसारा
11 जुलै

सांजवातताई, पुढच्या वसंतात नाही!! आज शनिवार आहे, सोमवारी सकाळी एजंटला फोन करा.

5 वर्षं मोजायची विक्रीच्या तारखेपासून मागे. तुम्ही 20 सप्टेंबर 2023 ला राहणं सोडलं. 20 सप्टेंबर 2026 च्या आत क्लोजिंग झालं तर मागच्या 5 वर्षांत तुमची राहण्याची 2 वर्षं कशीबशी बसतात. त्यानंतर दर दिवसाला राहण्याचा एक दिवस या 5 वर्षांच्या खिडकीबाहेर पडतो, आणि 5 लाखांची सूट पूर्ण जाते, अर्धी नाही. (नोकरी, तब्येत अशा कारणांसाठी अर्धवट सूट असते, पण तुमच्यासारखी तीन वर्षं भाडं खाऊन विकताना ते कारण सांगणं अवघड.) करार झाल्यावर क्लोजिंगला दीड-दोन महिने सहज जातात, शिवाय भाडेकरूला नोटीस. हिशोब तुम्हीच करा.

तुमच्यात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे घसारा. (माझं नाव त्यावरूनच ठेवलंय.) भाड्याच्या वर्षांत रिटर्नमध्ये डेप्रिसिएशन घेतलंत ना? निवासी इमारतीची किंमत 27.5 वर्षांत वाटतात. समजा जमीन सोडून इमारतीचे 3 लाख धरले, तर वर्षाला साधारण 10,909, तीन वर्षांत 32 हजारांच्या वर. तेवढा नफा सूटीत बसत नाही, त्यावर फेडरल कर 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही घेतला नसला तरी ‘घेता आला असता’ म्हणून धरतात, त्यामुळे घेतला नव्हता ही सबब चालत नाही. न्यू जर्सीलाही तेवढ्यापुरता एनआर रिटर्न भरा. नॉर्थ कॅरोलायनाही कर मागेल, पण न्यू जर्सीला दिलेल्याचं क्रेडिट तिथे घ्या.

म्हणून तुमच्या बाबतीत दुसऱ्या चौकोनावर सही करण्याआधी वकिलाला हा घसाऱ्याचा आकडा कागदावर दाखवा. मोगराताईंइतकं ते सरळ नाही.

सांजवात_शार्लट
11 जुलै

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आत्ता गॅरेजमध्ये जाऊन फाइल शोधतोय. मी चहा टाकते, तुम्हा सगळ्यांना मनातल्या मनात एकेक कप.

तात्या_ह्यूस्टनवाले
11 जुलै

घसारासाहेब, शोधलं. एनआर रिटर्न भरला नव्हता. आमच्या तेव्हाच्या टॅक्सवाल्याने विषयच काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. परताव्याची मुदत केव्हाच उलटून गेली. 2 टक्के म्हणजे 8 हजार 900 डॉलर होते. सौ.ला सांगितलेलं नाही, कोणी ह्यूस्टनचं असेल तर कृपया भेटल्यावर विषय काढू नये.

पेठेतला_परतलेला
12 जुलै

मीही रांगेत. दहा-बारा वर्षं जर्सी सिटीत काढून एच-1वर असतानाच फेब्रुवारी 2025 ला आम्ही दोघं पुण्याला कायमचे आलो. काँडो तसाच बंद ठेवला, भाड्याने दिला नाही. आता 6 लाख 40 हजारांची ऑफर आहे, घेणारं जोडपं स्वतः राहायला घेतंय. ग्रीन कार्ड नाही. मला फक्त आरईपी-3 चाच विचार करायचा, की अजून काही?

घसारा
12 जुलै

अजून काही, आणि ते जास्त मोठं आहे. राज्यासाठी दुसरा चौकोन तुम्हालाही चालेल, तुमची 2 वर्षं अजून खिडकीत आहेत. पण आता तुम्ही फेडरलच्या नजरेत परदेशी विक्रेते आहात, म्हणून फिर्प्टा (परदेशी विक्रेत्याचा कर आगाऊ कापण्याचा फेडरल कायदा) लागतो. एरवी किमतीच्या 15 टक्के खरेदीदाराने कापून आयआरएसला (फेडरल कर खात्याला) द्यायचे. खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत 10 लाखांच्या आत असेल तर 10 टक्के. म्हणजे तुमचे 64 हजार अडकणार. नफ्यावर नव्हे, किमतीवर! कापले की रिटर्न भरून परत मिळेपर्यंत वाट बघायची.

त्यावर उपाय फॉर्म 8288-बी. क्लोजिंगच्या दिवशी किंवा त्याआधी आयआरएसकडे अर्ज करायचा की आमचा खरा कर एवढाच, तेवढंच कापा. मग टायटल कंपनी किंवा वकील ती रक्कम उत्तर येईपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतात. उत्तराला साधारण 90 दिवस धरा.

सूट तुम्हालाही मिळते, पण परदेशी म्हणून तुम्हाला जोडप्याचं एकत्र रिटर्न भरता येत नाही. डीडवर दोघांची नावं असतील तर प्रत्येकी अडीच लाखांची स्वतंत्र सूट. एकट्याचंच नाव असेल तर फक्त अडीच.

पेठेतला_परतलेला
12 जुलै

दोघांची आहेत, हुश्श. आणि भारतात?

सीए_सदाशिव
13 जुलै

भारताचं मी सांगतो. 2024-25 मध्ये तुम्ही अनिवासी होतात, 2025-26 पासून निवासी. पण मागच्या 10 वर्षांपैकी 9 वर्षं अनिवासी असलेला माणूस निवासी झाला तरी ‘सामान्यतः निवासी नसलेला’ गणला जातो, म्हणजे आरएनओआर. तुमच्या बाबतीत 2026-27 मध्येही ती 9 वर्षं भरतात. आरएनओआरला परदेशातल्या मालमत्तेच्या नफ्यावर इथे कर नाही. तेव्हा व्यवहार 31 मार्च 2027 च्या आत उरका आणि मधल्या वर्षांत कधी सहा महिने भारतात राहिला होतात का, ते पासपोर्टवरचे शिक्के बघून खात्री करा. कोविडच्या वर्षी बरेच जण अडकले होते, तिथेच गणित चुकतं.

पेठेतला_परतलेला
13 जुलै

2020 मध्ये आईच्या आजारपणात 4 महिने होतो. सहा नाही. शिक्के बघतो.

कुपर्टिनोची_काकू
14 जुलै

न्यू जर्सीलाच नावं ठेवू नका. आमच्या कॅलिफोर्नियात विक्रीच्या किमतीच्या 3.33 टक्के कापतात, फॉर्म 593. आणि तो राज्यात राहणाऱ्यालाही लागतो, बाहेरच्यालाच नाही. राहतं घर असेल तर त्याच फॉर्मवर सूट लिहून द्यायची. न्यू यॉर्कचाही नॉनरेसिडेंट विक्रेत्यांसाठी फॉर्म आहे, आयटी-2663. बहिणीच्या वेळी बघितला होता.

मोगरा_एडिसनचा
15 जुलै

मंडळी, ताजी खबर. वकीलबाईंना (पॅरालीगलला नाही) ईमेल केली. एका ओळीत लिहिलं की आम्ही आरईपी-3 चा दुसरा चौकोन वापरू इच्छितो, 2015 पासून मुख्य राहतं घर, नफा 5 लाखांच्या आत. दीड तासात उत्तर: ‘होय, दुरुस्त करते.’ एवढंच! सहा दिवस माझी झोप उडाली होती आणि त्यांच्याकडून दोन शब्द.

आता नव्या कागदावर ती ओळच नाही. पण 6,298 डॉलर रियल्टी ट्रान्सफर फी आहे. ही पण चुकीची का? आता मला प्रत्येक आकड्यावर संशय येतोय.

घसारा
15 जुलै

ही बरोबर आहे. ही फी विकणाऱ्यानेच द्यायची, राज्यात राहा नाहीतर चंद्रावर. किमतीच्या टप्प्यांप्रमाणे दर 500 डॉलरमागे वाढत जाते: पहिल्या दीड लाखाला 2.90, मग 2 लाखांपर्यंत 4.25, साडेपाचपर्यंत 4.80, त्यापुढे साडेआठपर्यंत 5.30. करून बघा, 6,298 च येतात. तुमचं घर 10 लाखांच्या आत आहे हे नशीब. त्यावरच्या घरांवर वेगळी फी आहे. पूर्वी ती खरेदीदाराकडून 1 टक्का घेत, 10 जुलै 2025 पासून विकणाऱ्यावर आली आणि 20 लाखांपुढे टक्काही चढत जातो.

आणखी दोन गोष्टी. एक, क्लोजिंगच्या वेळी मुख्य घर असल्याचं प्रमाणपत्र सही करायला देतात. ते दिलं तर 1099-एस (विक्रीची रक्कम आयआरएसला कळवणारा फॉर्म) सहसा येत नाही. आला तर मात्र फेडरल रिटर्नमध्ये विक्री दाखवून सूट घ्यावीच लागते, नाहीतर आयआरएसला सगळे 7 लाख 5 हजार नफा वाटतील. छप्पर, किचन, बेसमेंट जे काही केलंत त्याच्या पावत्या फेकू नका, कर नसला तरी.

दुसरी, अँकरचा (न्यू जर्सीच्या घरपट्टी सवलत योजनेचा) अर्ज विसरू नका. ज्या वर्षाची सवलत, त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला एडिसनचं घर तुमचं आणि मुख्य राहतं होतं का, एवढंच बघतात. नंतर राज्य सोडलं तरी त्या वर्षाचा हक्क राहतो. दोघांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर 1,000 डॉलर, दीड लाखांच्या आत असेल तर 1,500.

बिनधास्त_बाळू
15 जुलै

माझा सल्ला मागे घेतला. घसारासाहेब, तुम्ही फी घेता का?

घसारा
15 जुलै

पुरणपोळीत घेतो. पण डॅलसहून कुरिअर करू नका, फुटते.

मोगरा_एडिसनचा
17 ऑगस्ट

14 तारखेला झालं. आम्ही इथूनच नोटरीसमोर सह्या केल्या आणि कागद रात्रीच्या कुरिअरने पाठवले. आरईपी-3 वर प्लेनोचा पत्ता आणि दुसऱ्या चौकोनात टिक. वर्तमानकाळ वाचून हात क्षणभर थांबला होता, पण केली सही. आज टायटल कंपनीकडून कळलं की डीड मिडलसेक्स काउंटीत नोंदवलं गेलं. पैसेही आले, ते 50 सेंटसुद्धा.

सांजवात, तुमचं कुठवर आलं?

सांजवात_शार्लट
17 ऑगस्ट

भाडेकरूच विकत घेतोय! क्लोजिंग 11 सप्टेंबर. नऊ दिवस हातात. वकिलाने घसाऱ्याचा आकडा बघून आरईपी-3 नको, आरईपी-1 भरा आणि एनआर रिटर्नमध्ये हिशोब करून उरलेले परत घ्या असं सुचवलं. तेवढे पैसे काही महिने अडकतील, पण फेडरलची मोठी सूट वाचतेय म्हणून ऐकलं. आणि हो, तात्यांसारखं करणार नाही, रिटर्नची आठवण आतापासूनच फ्रीजवर चिकटवलीय.

तात्या_ह्यूस्टनवाले
18 ऑगस्ट

सौ.ने हा धागा वाचला.